आठवी सही

अभ्यास मंडळाची बैठक सुरू व्हायच्या आधीच तिचं इतिवृत्त टाइप होऊन आलं होतं: ‘वस्त्रनिर्मितीचा अभ्यासक्रम सर्वानुमते मंजूर.’ विभागप्रमुखांनी पहिली सही केली. पाठोपाठ सहा जणांनी न वाचताच केल्या. आठव्या सहीसाठी कागद सर्वांत नव्या प्राध्यापिकेपुढे आला. नोकरीत कायम करायचं तिचं पत्र अजून विभागप्रमुखांच्याच टेबलावर होतं.

“सर, दिवाळीच्या सुट्टीत मी अठरा कारखाने फिरले. आपण शिकवतो तो माग एकाही ठिकाणी दिसला नाही. आपली मुलं तिथे नुसती बघत उभी राहतात.”



“मॅडम, वीस वर्षं हेच चाललंय. करून टाका सही,” शेजारचे सर पुटपुटले.

विभागप्रमुखांनी हात पुढे केला. तिने सही न करताच कागद परत दिला. गेलं आता पत्र, तिला वाटलं.

त्यांनी पेन उघडलं आणि स्वतःच्याच सहीवर रेघ मारली.

“सांगा, काय पाहिलंत तिथे?” ते म्हणाले. मग जरा थांबून, “वीस वर्षांपूर्वी याच अभ्यासक्रमावर आठवी सही माझी होती. मीही तेव्हा कायम झालो नव्हतो.”