डावी बाजू

पालीच्या तलावावर विजयमाला आज भलतीच खुशीत होती. पीएच.डी.साठी तिला इथल्या प्रत्येक जातीच्या माशाचा फोटो हवा होता, आणि तोही डाव्या बाजूनेच. एरवी काचेच्या पेटीतला एकेक मासा तसा उभा राहीपर्यंत तास जायचा. आज मात्र मरळ असो की वाम, पेटीत सोडली की आपणहून वळायची, पंख पसरायची आणि बटण दाबेपर्यंत गप्प राहायची.

"लई शिकलेली हाय आमची मासळी," जाळं आवरत अजीजचाचा हसले. "तुमी नुसतं बटन दाबा, मॅडम."

"चाचा, माझ्या जागी आता यांनाच कॉलेजात पाठवते!"

दुपारपर्यंत काम फत्ते झालं. कॅमेरा पिशवीत टाकून ती मासे परत सोडायला बादलीपाशी गेली. बादलीतले सगळे मासे तलावाकडे डावी बाजू करून, पंख पसरून स्तब्ध होते. गंमत म्हणून तिने बादली फिरवली. मासे पुन्हा तलावाकडे डावी बाजू करून थांबले.

"चाचा, इकडं बघा तर!"

चाचाही तलावाकडे डावी बाजू करून, हात अंगापासून जरा लांब धरून, श्वास रोखून उभे होते. त्यांच्यामागे काठावरच्या शेळ्याही तशाच.

चाचांची थट्टा समजून विजयमालाला हसू फुटलं. ते ओठांवर असतानाच तिचे पाय आपोआप वळले. डाव्या गालाला पाण्याचा गारवा लागला, आणि पाण्यातलं कुणीतरी बटण दाबेपर्यंत आता हलायचं नाही, हे तिला कुणी न सांगताच कळलं.