मागणं

खोती कायद्याने गेली, तरी कुमुदिनीची मान खोताच्या लेकीसारखी ताठच होती. खवळलेला समुद्र शांत करायची विद्या त्यांच्या घराण्यातल्या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. दुर्गाआत्या तिला ती मांडवीच्या किनाऱ्यावर शिकवत होती, पण एक लाटही तिचं ऐकत नव्हती.

"हुकूम नको सोडू गो. हात जोडून माग," आत्या म्हणायची.

"खोताच्या लेकी कुणाकडे मागत नाहीत."

आश्विनात मुंबईची आगबोट आली. कुमुदिनीचा भाऊ दामोदर होडीत उतरून किनाऱ्याकडे निघाला, तोच वारा उठला. कुमुदिनी पाण्यात शिरून समुद्राला दरडावत राहिली. डोळ्यांदेखत होडी उलटली, तेव्हा ती गुडघ्यांवर कोसळली आणि तिने हात जोडले.

"दे रे त्याला परत. तुझ्या पाया पडते."

समुद्र तळ्यासारखा निवला. होडी तेवढी तरंगत होती, दामोदर कुठेच नव्हता.

आत्याने तिला पोटाशी धरलं.

"आमचे हे बुडाले ना, त्या दिवशी मीही अशीच शिकले."