अन्नपूर्णेचा डावा हात

लेकीच्या, उत्तराच्या चित्रासाठी आई पळी आणि पातेलं धरून पाटावर बसली होती.

"विटक्या साडीतली अन्नपूर्णा कुणी पाहिलीय का गं?"

"माझी अशीच आहे," उत्तरा कॅनव्हासमागून म्हणाली.

जुन्या चित्रांत देवीच्या डाव्या हातात अन्नाचं पात्र असतं. आईनं डाव्या हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच हातानं छाती दाबून धरली. उत्तराला ते फार आवडलं. "अशीच राहा, हलू नकोस," म्हणत ती तासभर रंगवत राहिली.

दुसऱ्या पहाटे हृदयविकाराच्या झटक्यानं आई गेली.

प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, "छातीवर हात धरलेली अन्नपूर्णा पहिल्यांदाच पाहिली. कसं सुचलं?"

"देणारीही थकते," हे ठरलेलं उत्तर आज उत्तराच्या तोंडून निघेना.

"सुचलं नाही. आईच्या छातीत दुखत होतं. ती तेव्हाच तसं म्हणाली होती, आणि मी ऐकलं होतं."