घोडीची तपासणी

लातूरच्या घोडेस्वारी स्पर्धेआधी पशुवैद्य डॉक्टर वीरभद्र यांनी मुग्धाच्या घोडीचा पुढचा उजवा पाय उचलला आणि खुराच्या वर अंगठा दाबला. घोडीनं पाय झटकन ओढून घेतला. मुग्धानं ते पाहिलं आणि आपला डावा हात पोटाशी आणखी जवळ घेतला.

तिच्या लांब बाहीखाली क्रेप बँडेज होतं. सरावात पडल्यापासून मनगट सुजलं होतं. एक्स-रे काढून मगच लातूरला जाऊ, असं वडील म्हणत होते. आई प्राणिशास्त्राची प्राध्यापक. ती म्हणाली, एक्स-रे स्पर्धेनंतर. आधी काढला तर काहीतरी दिसेल, आणि दिसलं की थांबावं लागेल. बँडेज तिनं फार सफाईनं बांधलं होतं. नांदेडहून निघताना दिलेल्या दुखण्याच्या गोळीचा अंमल चाकूर मागं पडेपर्यंत उतरला होता.

डॉक्टरांनी घोडी कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवायला लावली. उजवा पाय टेकला की तिची मान वर उडायची.

"दुखतंय तिला," डॉक्टर म्हणाले. "आज न्हाई पळायची ही."

आई पुढं झाली. वर्षभराची मेहनत आहे, एका इंजेक्शनानं भागेल, असं तिनं सांगून पाहिलं. दुखणं दाबून पळवलं तर पाय कायमचा जातो, डॉक्टर शांतपणे म्हणाले, आणि हे तुम्हाला मी काय सांगू. मुग्धाला त्या माणसाचा हात धरावासा वाटला. मनानं ती घरी पोचलीसुद्धा होती.

पण प्रशिक्षक अमरनाथ सरांचा काळा घोडा रिकामा होता. आईनं तो मागून घेतला. घोडा उंच होता, तोंडाचा कडक. लगाम दोन्ही हातांनी ओढला तरच ऐकायचा. डॉक्टरांनी त्याचेही चारही पाय चाचपले, पाठ दाबून पाहिली, दोन्ही अंगांनी पळवून पाहिला. घाई केली नाही. घोडा ठणठणीत होता.

मग त्यांचं लक्ष मुग्धाकडे गेलं.

"आन् तुझं काय गं बाळा? दुखत-खुपत न्हाई ना कुठं?"

आईचा हात मुग्धाच्या खांद्यावर आला.

"दुखतंय," मुग्धा म्हणाली. "मनगट."

आई हसली. "नांदेड सोडल्यापासून हेच चालू आहे, डॉक्टर. पडायची भीती वाटते, मग रोज नवीन काहीतरी दुखतं."

डॉक्टरही हसले. "घोडं कधी खोटं लंगडत न्हाई, मॅडम. पोरं लंगडतात."

त्यांनी मुग्धाला अलगद उचलून खोगिरावर बसवलं. लगाम तिच्या दोन्ही मुठींत दिला आणि ती पडू नये म्हणून त्या मुठी आपल्या हातांनी घट्ट आवळल्या.