केसरबाईचा मावेजा

“माझा हिस्सा कवा देतीस ते सांग,” ओट्यावर मांडी घालून बसलेल्या गहिनीनाथनं विचारलं.

“देत न्हाई,” आतून केसरबाई म्हणाली. “भाकरीसंगं ठेचा देऊ का डाळीचं कोरड्यास?”

“ठेचा.”

तिनं ताटली उंबऱ्यावरून बाहेर सरकवली. पोटचा पोरगा, पण घरात पाऊल टाकत नव्हता. बाप गेल्यावर त्याला शेत विकून जीप घ्यायची होती आणि केसरबाईनं सही द्यायला साफ नकार दिला होता. तेव्हा मारुतीच्या पारावर अख्ख्या गावादेखत तो गरजला होता, “आता या दारात आलो तर फकस्त हिस्सा मागायला येईन! दुसऱ्या कशाला आलो तर बापाचं नाव लावणार न्हाई!”

केसरबाई काय कमी होती? तिनंही तिथंच सुनावलं, “शेत मी मेल्यावर. तवर इकडं फिरकू नको!”

झालं. पोरगा बायकोला घेऊन गेवराईला गेला, दुसऱ्याची जीप चालवू लागला. किती दिवाळ्या आल्या नि गेल्या. नात झाली, तीसुद्धा केसरबाईला शेजारच्या दगडाबाईकडून कळली. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून रडली, पण निरोप म्हणून धाडला नाही. मायलेक दोघंही ताठ. मान मोडेल, वाकणार नाही.

मग यंदा उन्हाळ्यात गावाबाहेरून नवा रस्ता निघाला आणि गेवराईच्या बाजारात कुणीतरी पुडी सोडली, की केसरबाईचं रान रस्त्यात गेलं, तिला सरकारकडून लाखांनी मावेजा मिळाला. दिवस मावळायच्या आत बातमी गावात. मोजणीचे दगड तिच्या नि शेजारी रान असलेल्या बद्रीनाथच्या बांधावरच रोवलेले होते. बद्रीनाथ राहायला संभाजीनगरला, विचारायचं कुणाला? त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. किराणा दुकानदार तिला बसायला खुर्ची देऊ लागला. कधी ओळख न दाखवणारे भाऊबंद काकू, काकू करत दारात यायला लागले.

खरं काय ते केसरबाईला ठाऊक होतं. रस्ता पलीकडून गेला होता. तिच्या रानातलं ढेकूळसुद्धा हललं नव्हतं. दगडाबाई विचारायला आली तेव्हा ती सांगणारच होती, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. गहिनीनाथ उभा होता. वाळलेला, कानाजवळ पांढरे केस आलेला.

“हिस्सा मागायला आलोय,” तो म्हणाला.

केसरबाईनं तोंडातले शब्द गिळले. “एक रुपया देत न्हाई,” ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तेव्हापासून तो दर बाजाराला येऊ लागला. आला की आधी हिस्सा मागायचा, तिनं नाही म्हटलं की जेवायचा. एकदा पत्र्यावर चढून गळती बुजवून गेला. “हिस्सा मिळंपर्यंत घर पडाया नको,” म्हणाला. एकदा डोळ्यांचे थेंब घेऊन आला. “आंधळी झालीस तर सही कशी करशील?” पुढं सून वनमालाही यायला लागली. सासूच्या केसांना तेल लावता लावता तीही हिस्सा मागायची, पण नवऱ्याइतक्या जोरात नाही. नात मात्र काही मागायची नाही, मांडीवर झोपून जायची.

आता भाकरी मोडता मोडता गहिनीनाथ म्हणाला, “एवढ्या पैशाचं करणार काय हायस गं? माणसाला सुखात ऱ्हायला लागतं तरी किती?”

“मला लई लागतं.”

“किती लई?”

“तुला काहून सांगू? जेव गपचिप.”

ती आत वळली आणि पदरात हसली. खरं सांगायचं तर ती सुखात होती, आणि तेही नसलेल्या पैशावर. बाजाराच्या दिवशी सकाळपासून तिचे कान रस्त्याकडे लागायचे. हा पैसा आपल्याकडं नाही हे पोराला कळलं, की ती मोटारसायकल पुन्हा दिसायची नाही. एवढ्या एका भीतीनं तिची झोप उडायची.

“केसरकाकू, तोंड गोड करा!”

बद्रीनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन ओट्यासमोर उभा होता. केसरबाईनं दारातूनच डोळ्यांनी दटावलं, मान हलवली. पण गडी आनंदात होता.

“आमचा मावेजा जमा झाला काकू! सगळा रस्ता आमच्याच रानातनं गेला बघा. तुमचं नशीब लई चांगलं, वीतभर बी गेलं न्हाई. गावात लोक भलतंच बोलत व्हते, मी आताच समद्यांना सांगून आलो.”

गहिनीनाथचा घास हातातच राहिला.

केसरबाई बाहेर आली. पदर खोचला. तिनं मान खाली घातली नाही.

“ऐकलंस? मला एक पैका आलेला न्हाई. तू येत व्हतास म्हणून गप बसले. मी काय कुणाची चोरी केली न्हाई, तवा माफी मागणार न्हाई. पाया तर मुळीच पडणार न्हाई. आता जा. तू न्हवतास तवा बी जगले मी!”

शेवटी आवाज कापायला लागला, म्हणून ते वाक्य तिनं जास्तच मोठ्यानं म्हटलं.

गहिनीनाथ उठला. त्याचे कान लाल झाले होते. आईकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो सरळ बद्रीनाथच्या अंगावर गेला.

“तुला आजच पेढे वाटायचे व्हते का बे? आईला मावेजा मिळाला म्हणून गेवराईच्या बाजारात घसा फोडून आवई उठवली मी! आता फुडल्या बाजाराला काय मागायला येऊ हितं?”