राखणदाराचा वाटा

आवडाबाईंनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि परत डबीत ठेवून वरून झाकण लावलं.

"नाय मारनार," त्या म्हणाल्या. "ह्या नकाशात माज्या न्हानीत अळंबी दाखवलीय. न्हानीला लादी हाय माज्या!"

समाजमंदिरात हशा पिकला. सानवीला मात्र घाम फुटला. रत्नागिरीच्या तीन वेगवेगळ्या कॉलेजांतली ही तीन मुलं. सानवी कॉम्प्युटरची, वेदिका वनस्पतिशास्त्राची, विनीत मॅनेजमेंटचा. तिघांनी मिळून या गावच्या महिला बचत गटासाठी रानभाज्यांचा डिजिटल नकाशा केला होता. पुढच्या आठवड्यात रानभाजी महोत्सवात तो मोठ्या पडद्यावर लागायचा होता. त्याआधी प्रकल्प पुरा झाल्याच्या कागदावर गटाचा शिक्का हवा होता, आणि तो गटाच्या अध्यक्ष आवडाबाईंच्या हातात होता. शिक्का नाही तर गुण नाहीत, आणि प्रकल्पाचे सर गुणांची यादी घेऊन मागच्या बाकावरच बसले होते.

टाकळा, भारंगी, कुरडू, सगळं जागच्या जागी होतं. घोळ एकट्या अळंबीचा. ती वर्षातून चार दिवस उगवते, मटणालाही मागे सारते आणि तिची जागा कुणी सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. त्यावर विनीतने नामी युक्ती काढली होती. जी बाई मोबाईलवर सगळ्यात जास्त नोंदी करील, तिला पाच लिटरचा कुकर! महिन्याभरात गावात तीनशे बारा ठिकाणी अळंबी उगवली. शाळेच्या पटांगणात उगवली, विहिरीत उगवली, देवळाच्या कौलांवरही उगवली. विनीतला मॅनेजमेंटमध्ये पहिला वर्ग होता.

"काकी, एक तरी ठिपका खरा असेल ना?" सानवी रडवेली झाली. "एक तरी!"

बायका पदरात तोंड लपवून हसू लागल्या. कुकर जिंकलेली काशी तेवढी ताठ मानेने बसली होती.

"माजी जागा खरी हाय, पन ती मी मोबाईलला कशाला सांगू?" ती म्हणाली. "राखणदार परसन्न हाय माज्यावर. दर वर्साला अळंबी देतो, वर नारळपन देतो."

"नारळ?"

"व्हय तर! अळंबीच्या बाजूला ठेवलेला आसतो. मी परसाद म्हनून घरी आनते."

रानाची राखण करणारा तो राखणदार. त्याची रीत साऱ्या गावाला पाठ होती. अळंबी सापडली तर निम्मी आपण काढायची, निम्मी त्याला ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती निम्मीही कमी झालेली असायची. राखणदाराने वाटा नेला म्हणून बायका हात जोडायच्या. गटातल्या एकोणीस बायकांची अशी एकोणीस घरं त्याने सांभाळली होती.

वेदिका उठून भिंतीवर लावलेल्या पडद्यापाशी गेली. गावावरच्या कातळाच्या सड्यापलीकडच्या उतारावर तिने बोट ठेवलं. सगळा नकाशा लाल ठिपक्यांनी गोवर आल्यासारखा दिसत होता. त्या उतारावर तेवढा एकही ठिपका नव्हता.

"ही अळंबी वाळवीच्या वारुळावर येते," ती म्हणाली. "मी सगळं रान फिरले. गावातली मोठी वारुळं इथेच आहेत. मग तीनशे बारा ठिपक्यांतला एकही इथे कसा नाही?"

एकोणीस बायका एकदम आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागल्या.

"ती जागा माजी हाय," संध्या पुटपुटली. "सासूनं मरताना कानात सांगितलान."

"तुजी कशी?" काशी उसळली. "माज्या आयची जागा ती! मी मंगळवारी जाते, भर दुपारी, वाडी झोपली की!"

"मी बुधवारी."

"मी पंचमीला."

मग जो गलका उठला तो कौलं उडवील असा होता. खोटे ठिपके ज्यांनी मारले त्यांनी आपली खरी जागा तेवढी जपून वगळली होती, आणि सगळ्यांची खरी जागा एकच होती. एक निम्मी काढायची, दुसरी उरलेल्यातली निम्मी, तिसरी त्यातली निम्मी. संध्याला दर वर्षी दोनच छत्र्या का मिळतात हे तिला आज कळलं. कोणी कोणाच्या पाठीत गुद्दा घातला, कोणी हसता हसता जमिनीवर लोळली. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. सानवीला तर हसावं की टाळ्या वाजवाव्या हेच सुचेना, म्हणून तिने दोन्ही केलं. तिचा नकाशा चुकला नव्हता. अख्ख्या गावाचं गुपित त्याने बरोब्बर दाखवलं होतं.

आवडाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"पोरी, शिक्का मारते," त्या म्हणाल्या. "पन म्होत्सवाला धा गावची मानसं येनार. त्या मोकळ्या जागेवरपन चार ठिपके टाका. खोटे!"

"टाकते काकी, आत्ता टाकते!" सानवी लॅपटॉपवर तुटून पडली.

आवडाबाईंनी डबी उघडली. शिक्का शाईत बुडवला, कागदावर धरला आणि तसाच हवेत थांबवला. त्यांनी हळूच मान वळवली. गेली बावीस वर्षं अळंबीच्या दिवसांत सोमवारी त्या मोठ्या वारुळापाशी त्या काहीतरी ठेवून येत होत्या, शेंडीसकट, हळदकुंकू लावून.

"काशे," त्या म्हणाल्या, "म्हंजे तुज्यावर परसन्न झालेला राखणदार मीच गो!"