काचेखालचे पट्टे

"हे पट्टे विमानापेक्षा महाग?" बायकोने विचारलं.

माझ्या टेबलावर पाण्यात उतरणाऱ्या विमानाचं वीतभर मॉडेल अर्धवट जोडलेलं होतं. त्याच्या दोन खुर्च्यांसाठी मी परदेशातून पितळेचे सीटबेल्ट मागवले होते, मुंगीएवढ्या बकलांचे.

"वर काच चिकटवली की कोणाला दिसणार आहेत?"

मी चिमटा उचलला. पट्टा तिसऱ्यांदा चिमट्यातून निसटला, तेव्हा तिने बारीक कामाचा चष्मा लावला आणि मला खुर्चीवरून उठवलं. तीस वर्षं साड्यांना फॉल लावलेले हात ते. चहा गार व्हायच्या आत दोन्ही पट्टे जागेवर बसले.

मी खुशीत काच उचलली.

"थांबा. डाव्या पट्ट्याला पीळ पडलाय. उसवते."

"अगं, काचेखाली कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसलाय."

पट्टा सरळ झाला, तरी ती विमानाकडे बघतच राहिली.

"हे पाण्यावर एका जागी थांबतं कसं?"

"नांगर टाकून."

"मग तोही मागवा," ती म्हणाली. "दोर मी वळून देते."